काढा प्या, पण गुळवेल जपून

पावसाची पहिली झड येऊन गेली की घरोघरी आल्याचा वास दरवळू लागतो. कुणाकडे गवती चहा, कुणाकडे तुळस-मिऱ्यांचा काढा, तर कुणाकडे रात्रीचं हळदीचं दूध. सर्दी दोनशेहून अधिक प्रकारच्या विषाणूंमुळे होते आणि यातल्या कशानेही ते विषाणू मरतात, असं सिद्ध झालेलं नाही. गरम पेयाने घसा शेकला जातो, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पोटात पाणी जातं. आठवडाभरात बरं वाटतंच; श्रेय मात्र काढ्याला मिळतं!

मधाची बाजू त्यातल्या त्यात भक्कम. झोपण्यापूर्वी चमचाभर मध दिल्यास मुलांचा रात्रीचा खोकला कमी होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. मात्र एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटही चाटवू नका. मधात क्वचित बोटुलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असतात. ते बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडतात. बाळाला मध चाटवण्याची आपली रीत मोडलेलीच बरी.

‘क’ जीवनसत्त्वाचा बोलबाला लिनस पॉलिंग यांच्या १९७० च्या पुस्तकापासून वाढला. पुढच्या चाचण्यांत दिसलं ते एवढंच, की रोज गोळी घेणाऱ्या प्रौढांची सर्दी सुमारे ८ टक्के लवकर आटोपते. म्हणजे जेमतेम अर्धा दिवस. शिंका सुरू झाल्यावर गोळी घेऊन ठोस फायदा नाही. त्यापेक्षा पेरू खावा.

खरी काळजी गुळवेलीची. कोविडच्या काळात अनेकांनी ती महिनोन्‌महिने घेतली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य केला. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी, असं त्याचं म्हणणं. पण बाजारातली पूड नेमकी कोणत्या वेलीची, हे आपण तरी कसं ओळखणार? यकृताचा किंवा ऑटोइम्यून आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये. लघवी गडद पिवळी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर ताबडतोब बंद करून तपासणी करावी.

आणि फ्लू म्हणजे साधी सर्दी नव्हे. गर्भवती, वृद्ध, मधुमेही किंवा दम्याच्या रुग्णाला अचानक जोराचा ताप आणि अंगदुखी सुरू झाली, तर काढ्यावर दिवस काढू नका. फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वाधिक उपयोगी पडतं. डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेल्या पुडी-काढ्यांची नावंही सांगा.