रुग्णाशी बोलणे हाही उपचारच : विनयपिटकातील एक प्रसंग आणि सोलापूरचा वॉर्ड

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूचा प्रसंग येतो. त्याला पोटाचा विकार झालेला असतो आणि तो आपल्याच मलमूत्रात पडून असतो. भगवान बुद्ध आयुष्मान आनंदांसह भिक्खूंच्या निवासस्थानांतून फिरत तिथे येतात. पुढची कथा आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आनंदांनी पाणी आणले, बुद्धांनी ते ओतले, आनंदांनी त्या भिक्खूला स्वच्छ केले आणि दोघांनी मिळून उचलून त्याला मंचकावर निजवले. वर्षावासातल्या प्रवचनांत आपण हे अनेकदा ऐकले आहे.

मात्र पाणी आणण्याच्या आधी काय घडले, याकडे सहसा लक्ष जात नाही. आधी प्रश्न विचारले गेले. तुला काय होते आहे? तुझी शुश्रूषा करणारे कोणी आहे का? भिक्खू तुझी शुश्रूषा का करत नाहीत? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पोटाबद्दल नव्हते. मी त्यांच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून, असा त्याचा आशय होता. नंतर बुद्धांनी भिक्खूसंघाला एकत्र बोलावून हेच प्रश्न त्यांनाही विचारले. दवाखान्यात ज्याला 'हिस्ट्री घेणे' म्हणतात ते याहून वेगळे काय असते? रोग विचारला, घरचा आधार विचारला, आणि दोन्ही बाजूंनी खातरजमा करून घेतली. उपदेश त्यानंतर.

त्याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याचे पाच आणि रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता येणे, पथ्य-कुपथ्य कळणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे, मलमूत्र-ओकारीची किळस न बाळगणे हे शुश्रूषकाचे चार गुण. पाचवा, वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने रुग्णाला धीर देता येणे. रुग्णाच्या गुणांत एक गुण असा की, हित इच्छिणाऱ्या शुश्रूषकाला तो आपला आजार जसा आहे तसा सांगतो. वाढत असेल तर वाढतोय, उतरत असेल तर उतरतोय, आहे तसाच असेल तर तसाच आहे, असे. म्हणजे दोन्ही याद्यांमध्ये बोलणे आहे. आणि 'हित इच्छिणाऱ्या' या शब्दाकडे विशेष पाहावे. समोरचा माणूस आपले हित इच्छितो असे वाटल्याशिवाय कुणी मनातले सांगत नाही. 'पेशंट नीट सांगतच नाहीत' ही तक्रार वॉर्डात रोज ऐकू येते. तिचे निम्मे उत्तर इथे आहे.

हा विश्वास नसला, किंवा तो मुद्दाम नाकारला, तर काय होते त्याचे उदाहरण बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये दिले आहे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र 1929 च्या डिसेंबरमध्ये 'यंग इंडिया'त छापून आले होते, ते त्यांनी तिथे घेतले आहे. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा तो आला, तोही वस्तीच्या बाहेर तपासणार या अटीवर. त्याने थर्मामीटर एका मुस्लिम माणसाच्या हातात दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने पत्नीला. परत येतानाही तसेच. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला आणि तो निघून गेला. पुढे त्याने पुन्हा येण्यास नकार दिला आणि ती बाई दगावली. या प्रसंगाकडे आपण अस्पृश्यतेचा क्रूरपणा म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. पण आरोग्यसेवेत काम करणाऱ्याने तो आणखी एका अंगाने वाचावा. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात दोन माणसे आणि एक काचेची नळी होती. तुला कसे वाटते, हे त्या बाईला थेट विचारायला कोणी जवळ गेलेच नाही.

आज थर्मामीटर असे हातोहात जात नाही. पण अंतर ठेवण्याच्या रीती पुष्कळ आहेत, आणि मराठीत तर ती एका सर्वनामात दिसते. केसपेपरच्या खिडकीवर थोडा वेळ उभे राहून ऐकावे. इस्त्रीचा शर्ट घातलेल्याला 'काका, तुम्ही इकडे या' आणि विडीच्या तंबाखूने बोटे पिवळी पडलेल्या साठीच्या बाईला 'ए बाई, तुझा कागद कुठंय?' असे ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात दरवेळी जात असतेच असे मी म्हणणार नाही. कामाचा ताण असतो, सवय असते. परंतु पहिल्याच वाक्यात 'तू' ऐकलेली बाई आत डॉक्टरांपुढे बसल्यावर अंगावरून पांढरे जाते हे सांगणार नाही. पाठ दुखते एवढेच सांगेल, वेदनाशामक गोळ्या घेईल आणि घरी जाईल. 'तुम्ही' म्हणायला जास्त वेळ लागत नाही, ही गोष्ट शिकवणीच्या तासाला सांगावी लागते याचे मात्र वाईट वाटते.

सोलापुरात यावर भाषेचा आणखी एक थर आहे. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर आणि विडीवर जगणारी तेलुगू भाषक कुटुंबे आहेत. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नड घरोघरी बोलली जाते. शहरात उर्दू-दखनी आहेच. सिव्हिलला तर धाराशिव जिल्ह्यातून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात. मराठी बाजारापुरती सगळ्यांना येते. दुखणे मात्र माणूस आईच्या भाषेत सांगतो. मराठीतच पाहा: ठणका, कळ, चमक, जळजळ, मुंग्या, कसर हे सगळे वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा वैद्यकीय अर्थ वेगळा निघू शकतो. परक्या भाषेत बोलताना या सगळ्याचे एकच 'दुखतंय' होते. 'एक्कड नोप्पि?' हे तेलुगू आणि 'एल्लि नोवु?' हे कन्नड, दोन्हींचा अर्थ 'कुठे दुखतंय?' एवढे दोन-दोन शब्द प्रत्येक सिस्टरला, प्रत्येक आशाताईला येत असले तरी समोरच्याचा चेहरा बदलतो.

ज्यांना ही अपेक्षा जास्त वाटते त्यांनी डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवावेत. 1910 साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेला. त्यांच्या शस्त्रक्रियांचे कौतुक होतेच, पण ते चिनी बोलायला आणि वाचायला शिकले व त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. 1941 मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. चार वर्षांत, तेही लढाईच्या धामधुमीत, त्यांनी चिनी आत्मसात केली. आपल्याला शेजारच्या गल्लीतली तेलुगू शिकायची आहे.

भाषा येत नसेल तर दुभाषा लागतो आणि इथे एक चूक सर्रास होते. शाळेत जाणाऱ्या मुलीला आईच्या पाळीबद्दल विचारायला लावतात, किंवा नवऱ्यामार्फत बायकोला. आई मुलीपुढे खरे सांगत नाही, आणि नवरा बायकोच्या वतीने स्वतःचेच उत्तर देतो. शक्य तिथे वॉर्डातलीच ती भाषा जाणणारी मावशी किंवा सिस्टर बोलवावी, आणि दुभाष्याकडे न पाहता रुग्णाकडे पाहून बोलावे.

नातेवाइकांशी बोलणे म्हणजे रुग्णाशी बोलणे नव्हे, हे कायदाही सांगतो. 2008 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, फक्त तपासणीसाठी दिलेली संमती ही गर्भाशय काढण्याची संमती ठरत नाही. रुग्ण सज्ञान असून केवळ भुलीखाली होती, जिवावर बेतलेले नव्हते, म्हणून तिच्या आईने दिलेली संमतीही चालणार नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 तर रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देणे बंधनकारक करतो. महाराष्ट्रात 2021 मध्ये खासगी रुग्णालयांसाठीचे नियम सुधारले गेले आणि दर्शनी भागात रुग्णहक्कांची सनद लावणे आवश्यक झाले. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात तर ती भिंतीवर शोधा. नसेल तर विचारा.

आता रोजच्या कामाचे. आपल्या समाजातल्या कितीतरी मुली आज नर्सिंग करत आहेत, आशाताई आणि अंगणवाडी सेविका म्हणून घरोघरी जात आहेत, म्हणून हे त्यांच्यासाठी. 'समजलं का?' हा प्रश्न सोडून द्या. त्याला 'हो' हेच उत्तर मिळते, कारण 'नाही' म्हणणे म्हणजे स्वतःला अडाणी ठरवणे. त्याऐवजी म्हणावे, 'मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार, ते मला सांगा बरं.' ओझे रुग्णावरून आपल्यावर येते आणि चूक तिथल्या तिथे सापडते.

माझ्या मावशीचेच सांगतो. एका दवाखान्यात तिला 'जेवणानंतर, दिवसातून तीन वेळा' असे सांगून गोळ्या दिल्या. ती विड्या वळायची. सकाळी चहा-खारी, दुपारी अकराच्या सुमारास भाकरी, आणि रात्री जेवण. तिच्या हिशेबात जेवण दोनदाच होते, म्हणून तिने गोळ्या दोनदाच घेतल्या. पंधरा दिवसांनी तब्येत तशीच पाहून तिला 'तुम्ही लोक औषधं नीट घेतच नाही' असे ऐकवण्यात आले. 'तुम्ही लोक' हे दोन शब्द ती कधी विसरली नाही. नंतर वस्तीतल्या आशाताईने घरी बसून विचारले, 'मावशी, सकाळी उठल्यापासून काय काय खाता?' मग तिने गोळ्यांच्या पाकिटांवर पेनाने एक चहाचा कप आणि दोन भाकऱ्या काढून दिल्या. तिसरी गोळी त्या दिवसापासून सुरू झाली.