छेद शहाण्णव, स्थाने एकोणतीस

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

ही कोणत्याही पेढीच्या खातेवहीतील रक्कम नव्हे. अनुयोगद्वार सूत्रात गर्भज मनुष्यांची जी जघन्य संख्या सांगितली आहे, ती अंकांत मांडली की एवढी होते. तेथे ती निरनिराळ्या रीतींनी सांगितली आहे: तिची स्थाने एकोणतीस, ती पाचव्या व सहाव्या वर्गाचा गुणाकार, आणि तिचे छेद शहाण्णव, म्हणजे ती शहाण्णव वेळा निम्मी करता येते.

येथे वर्ग मोजण्याची रीत अशी. दोनाचा वर्ग ४, हा पहिला. मग १६, २५६, ६५,५३६. पाचवा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ आणि सहावा १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. पाचव्यात बत्तीस वेळा दोन गुणलेले, सहाव्यात चौसष्ट वेळा. दोन्ही मिळून शहाण्णव. निम्मे करण्याच्या या मोजणीस आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेत ‘अर्धच्छेद’ म्हटले आहे. आजचे गणित त्यालाच दोन पायाचा लॉगॅरिदम म्हणते.

व्यापारी घरात ताळ्यावाचून बेरीज मान्य होत नाही. या संख्येच्या सर्व अंकांची बेरीज १२७, म्हणून नवाचा ताळा १. परंतु लेखनिकाच्या हातून आरंभीचे ७९ चुकून ९७ झाले, तर? अंक तेच, बेरीज तीच, ताळाही तोच. चूक लपून राहील. मात्र ती चुकीची संख्या निम्मी करीत गेल्यास अठ्ठावीस छेदांनंतरच विषम संख्या हाती येते आणि चूक उघडी पडते.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. या संख्येची दुप्पट केली तर ती तीस अंकी होते. त्यामुळे एकोणतीस स्थाने आणि शहाण्णव छेद या दोन्ही अटी पुऱ्या करणारी संख्या सबंध गणितात एकच आहे. एकही अंक न लिहिता, केवळ या दोन गोष्टी कंठस्थ ठेवून, ती बिनचूक पुन्हा उभी करता येते. उलट, संगणकाच्या एक्सेल तक्त्यात ती लिहून पाहावी: पहिले पंधरा अंक राहतात, उरलेल्या चौदा स्थानी शून्ये येतात.

‘आमच्या ग्रंथांत सारे गणित आहे’ असे आपण अभिमानाने म्हणतो. पडताळून मात्र क्वचितच पाहतो. न तपासलेली थोरवी ही न जुळवलेल्या रोजमेळासारखी असते. श्रद्धेला पडताळ्याचे भय नसावे. चातुर्मासातील एखाद्या संध्याकाळी घरातील मुलांना कागद-पेन्सिल देऊन दोनापासून दुप्पट करीत जाण्यास सांगावे. पंचाण्णव वेळा दुप्पट केल्यावर वरील ओळ त्यांच्याच हाताने कागदावर उतरेल. मग ती त्यांना कोणी सांगितलेली राहणार नाही. त्यांची स्वतःची होईल.