हात उचलण्याआधी पोट काय करतं?

उभे राहा आणि उजवा हात झटकन समोर, खांद्यापर्यंत वर करा. बस, एवढंच. आता सांगा, हे करताना तुमच्या अंगातला कोणता स्नायू सगळ्यात आधी कामाला लागला?

खांद्याचा, असंच कोणीही म्हणेल. हात खांद्यातून उचलला, मग दुसरं कोण मध्ये येणार? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९९०च्या दशकात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी हेच तपासून पाहिलं. त्यांनी लोकांच्या पोटाच्या स्नायूंमध्ये अतिशय बारीक तारा घातल्या आणि त्यांना हात उचलायला सांगितला. तारांवर उमटलेल्या विजेच्या खुणा पाहिल्या तर काय? खांद्याचा स्नायू जागा होण्याच्या काही सहस्रांश सेकंद आधीच पोटातला एक खोलवरचा स्नायू आवळला गेला होता. हाताला तर तो कुठेच जोडलेला नाही!

या स्नायूचं नाव ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डॉमिनिस. बाकीच्या स्नायूंच्या खाली, पोटाच्या अगदी आतल्या थरात तो असतो आणि त्याचे तंतू आडवे जातात. कमरेला शेला आवळून बांधावा तसे. हाताला वजन असतं. तो पुढे झेपावला की शरीराचा तोल सरकतो आणि पाठीच्या कण्याला हिसका बसतो. मेंदूला हा हिसका बसायच्या आधीच ठाऊक असतो. म्हणून तो आधी कंबर कसतो आणि मग हात उचलतो. फळीवरचा डबा काढताना, लोकलमध्ये कडी पकडताना, लेकराला उचलून घेताना, दर वेळी. आणि आपल्याला याचा पत्ताही नसतो.

याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. ज्यांची कंबर वारंवार दुखते अशा लोकांवर हाच प्रयोग केला तेव्हा दिसलं की त्यांचा हा स्नायू उशिरा जागा होतो. ताकद असते, पण वेळ चुकलेली असते.

आता पिलाटेस या व्यायामपद्धतीच्या वर्गात डोकावू या. कोणीतरी पाठीवर झोपलेलं आहे. पाय हवेत, मान आणि खांदे चटईपासून जरासे उचललेले, दोन्ही हात अंगालगत सरळ, आणि ते हात वरखाली छोटे छोटे झटके देतायत. पाच झटक्यांना श्वास आत, पाच झटक्यांना बाहेर, असे शंभर. याचं नावच ‘हंड्रेड’. बघणाऱ्याला वाटतं, हातांचा व्यायाम चाललाय. करणाऱ्याला तिसाव्या झटक्याला कळतं की हात हे नुसतं निमित्त आहे. हात सतत तोल बिघडवतात आणि पोटाला तो सतत सावरावा लागतो.

हे ज्याने बसवलं त्या जोसेफ पिलाटेसचा जन्म १८८३ साली जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाख गावी झाला. लहानपणी तो सतत आजारी असे. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता, म्हणजे शत्रूराष्ट्राचा नागरिक. त्याला आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबण्यात आलं. काटेरी तारेच्या आत, हाताशी काही साधन नाही, अशा जागी त्याने आपली पद्धत घडवली. खाटांच्या स्प्रिंगा वापरून त्याने आजाऱ्यांना झोपल्या झोपल्या व्यायाम करायला लावला अशी कथा सांगतात. आजच्या स्टुडिओतलं ‘रिफॉर्मर’ नावाचं यंत्र पाहिलं, सरकणारी फळी आणि तिला लावलेल्या स्प्रिंगा, की ही कथा खरी वाटायला लागते. पुढे तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथल्या नर्तकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आपल्या पद्धतीला तो स्वतःचं नाव देत नसे. ‘कंट्रोलॉजी’ म्हणत असे.

कंबरदुखीवर पिलाटेसचा उपयोग होतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. पण इतर चांगल्या व्यायामांपेक्षा ते वरचढ आहे, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. मला ही निराशेची बातमी वाटत नाही. त्याचा अर्थ इतकाच की ही किमया पिलाटेसची मक्तेदारी नाही, ती शरीराची आहे.

पिलाटेस जन्मला त्याच १८८३ साली गुजरातेत डभोईला जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म झाला. हेच पुढे स्वामी कुवलयानंद. योगाने फायदा होतो असं सगळेच म्हणत. गुणे यांनी विचारलं, होतो तर मोजून दाखवता येईल का? १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनाचं नियतकालिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करणाऱ्या साधकांचे त्यांनी क्ष-किरण फोटो काढले, पोटातला दाब यंत्राने मोजला. नौलीच्या वेळी आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली उतरतो हे त्यांना आढळलं. शंभर वर्षांपूर्वी, लोणावळ्यात! आपल्याकडे योगाच्या थोरवीची भाषणं पुष्कळ झाली. मला त्या दाबमापकाचं अप्रूप जास्त आहे.

मोजण्यासारखी एक गोष्ट आत्ता तुमच्या मनगटात चालू आहे. अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा, नाडी सापडू द्या. आता सावकाश श्वास आत घ्या. मग त्याहून सावकाश सोडा. लक्ष देऊन पाहिलंत तर कळेल की श्वास घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते. तरुण वयात हे अधिक स्पष्ट जाणवतं. हृदय तर आपल्या ताब्यात नाही. त्याला ‘हळू हो’ असं कोणी सांगू शकत नाही. पण श्वास ताब्यात आहे, आणि मेंदूतून हृदयाकडे जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू श्वास सोडताना हृदयाला लगाम घालतो. म्हणजे आपल्या हुकमाबाहेरच्या अवयवापर्यंत पोचायला एक वाट आहे, आणि ती नाकातून जाते!

ही वाट किती जुनी आहे पाहा. रक्तदाब दिवसभर बारीक बारीक हेलकावे खात असतो आणि त्यातला एक हेलकावा सुमारे दहा सेकंदांचा असतो. २००१ साली इटलीतले डॉक्टर लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या : ख्रिस्ती जपमाळेतली लॅटिन प्रार्थना ‘आवे मारिया’ आणि ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा मंत्र. दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. मिनिटाला सहा म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद. श्वास आणि रक्तदाबाचा हेलकावा एका तालात आले आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर झाली. कुठे रोमचं चर्च आणि कुठे तिबेटचा मठ! नाडीची यंत्रं कोणाकडेच नव्हती, तरी दोघांचेही शब्द बरोबर तेवढ्याच श्वासात बसले.

आणि ताणून धरलेलं आसन? पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून पुढे वाकताना, पहिल्या दिवशी बोटं गुडघ्यांपुढे जात नाहीत; दोन महिन्यांनी पायाचा अंगठा हाती येतो. स्नायू लांब झाला असं आपण समजतो. काही आठवड्यांच्या सरावानंतर मोजमाप केलं तेव्हा स्नायूचा ताठपणा जवळपास तेवढाच निघाला. बदललेला असतो तो मेंदूचा निवाडा. ‘इथपर्यंत ताणलं तर धोका नाही’ ही त्याने आखलेली रेघ पुढे सरकलेली असते. घाईने हिसका दिला की स्नायूतले संवेदक उलट आकुंचनाचा हुकूम देतात. सावकाश गेलं, थांबलं, श्वास सोडला की मेंदूचा विश्वास बसतो. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली योग शिकवायला पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. पिलाटेससारखेच बालपणी तेही मलेरिया, टायफॉइड, क्षय यांनी पोखरलेले होते. त्यांनी आसनांना दोर, पट्टे, लाकडी ठोकळे आणि साधी खुर्ची जोडून दिली ती याचसाठी, की ताठ शरीरालाही न घाबरता त्या स्थितीत थांबता यावं.

आता उलटा प्रश्न. काहीच केलं नाही तर?

१९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच निरोगी तरुणांना, सगळे विसाच्या आसपासचे, तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगितलं. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, हे आधी आणि नंतर मोजलं. तीन आठवड्यांत ती क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घसरली. मग तीस वर्षांनी, १९९६ साली, तेच पाच जण पन्नाशीत असताना पुन्हा गाठले. आणि काय दिसलं? तीन दशकांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त नुकसान विसाव्या वर्षीच्या त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलं होतं. एवढ्यावर गोष्ट संपत नाही. त्या पन्नाशीच्या पाच जणांना सहा महिने बेताबेताने चालायला, पळायला, सायकल चालवायला लावलं, आणि त्यांची ऑक्सिजन वापरायची क्षमता पुन्हा विसाव्या वर्षाच्या पातळीला पोचली.

मागणी तसा पुरवठा, हाच शरीराचा कायदा आहे. स्नायू, हाडं, रक्तवाहिन्या जपायला खर्च येतो आणि मागणी नसलेला माल शरीर ठेवत नाही. अंतराळात वजनाचा भारच नसतो, तेव्हा अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड दर महिन्याला एक टक्क्याहून जास्त झिजू शकतं. म्हणून ते तिथे रोज सुमारे दोन तास व्यायामाला देतात. लंडनच्या दुमजली बसमध्ये संशोधक जेरी मॉरिस यांनी हेच पाहिलं होतं : दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. ते निष्कर्ष १९५३ साली छापून आले. त्याआधी व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध इतक्या स्पष्टपणे कोणी आकड्यांत मांडला नव्हता.

आपल्या देशाला सगळ्यात जास्त कामाचा चमत्कार मात्र स्नायूंच्या पेशींत घडतो. जेवलं की रक्तात साखर येते. ती पेशीत शिरायची तर इन्सुलिनचा निरोप लागतो. तो मिळाला की पेशीच्या पोटात दडलेले ग्लूट-४ नावाचे वाहक पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढून घेतात. टाइप २ मधुमेहात पेशी या निरोपाकडे दुर्लक्ष करू लागते. निरोप येतो, वाहक मात्र हलत नाहीत.

पण स्नायू आकुंचन पावला की तेच वाहक इन्सुलिनशिवायही वर येतात! दुसरा रस्ता, दुसरा निरोप, आणि मधुमेहातही तो पुष्कळसा शाबूत राहतो. चालणाऱ्या पोटऱ्या आणि मांड्या इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर उचलायला लागतात. व्यायाम थांबल्यावरही कित्येक तास पेशी इन्सुलिनचं जास्त ऐकते. जेवणानंतरची शतपावली आपल्या घरांत केव्हाची चालत आली आहे. ती कशी काम करते हे कळायला मात्र विसावं शतक संपत यावं लागलं. भारतात आज १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे. औषध बंद करू नका, पण या दुसऱ्या रस्त्याला एक पैसा लागत नाही.

‘आता या वयात काय?’ असं म्हणणाऱ्यांसाठी बॉस्टनचा १९९० सालचा प्रयोग. मारिया फियातारोने या डॉक्टरबाईंनी वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दुबळ्या रहिवाशांना आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली. हलकी नाही, त्यांच्या ताकदीच्या मानाने चांगली जड. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीचा स्नायू सुमारे ९ टक्क्यांनी भरला. या दोन आकड्यांतली दरी पाहा. स्नायू एवढासा वाढला आणि ताकद जवळजवळ तिप्पट झाली, ती कुठून आली? बरीचशी मज्जासंस्थेतून. स्नायूत आधीच असलेले पण झोपी गेलेले तंतू मेंदूने पुन्हा कामावर बोलावले. नव्वदीतही ते हाक आली की येतात.

मग पिलाटेस, योग, चालणं, वजनं, यांतलं करायचं काय? माझं मत सरळ आहे : तुम्ही जे करत नाही, ते. प्रत्येक व्यायामाची शरीराकडे मागणी वेगळी असते. नुसत्या आसनांनी हृदयाला पुरेशी धाप लागत नाही. नुसत्या चालण्याने दंड आणि पाठ बळकट होत नाही. नुसत्या वजनांनी श्वास शांत होत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सांगते, तो याच कारणासाठी. हृदयाचा त्रास असेल, मणक्याचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि जाणत्या शिक्षकाकडे शिका.

आणि घरात आईवडील, आजीआजोबा असतील तर त्यांना ‘तुम्ही बसा, मी आणते’ असं म्हणणं थोडं कमी करा. प्रेमानेच म्हणतो आपण ते, पण त्यांचे पाय त्यातून ‘आता गरज नाही’ एवढंच ऐकतात. त्याऐवजी भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून, हातांचा आधार न घेता, सावकाश उठायला आणि सावकाश बसायला लावा. शेजारी उभे राहा. जमतील तेवढ्या वेळा, आणि पुढच्या आठवड्यात एकदा जास्त.