गेटवरचं घड्याळ कोण लावतं?

चाकणच्या एका कारखान्यात पाहिलेली गोष्ट सांगतो. नाव राहू दे. पहिली पाळी सातची. गेटवरचं पंचिंग मशीन सहा मिनिटं पुढे, त्यामुळे वेळेत आलेल्या कामगारालाही लेटमार्क. सीसीटीव्ही बघितला, तर त्याचं घड्याळ तीन मिनिटं मागे. आता खरं कोणाचं मानायचं?

असं का होतं, बघा. प्रत्येक मशीनच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो. दहा लाखांत वीस भागांची चूक म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळजवळ मिनिट. शिवाय प्रत्येकाची चूक वेगळी.

यावरचा उपाय १९८५ पासून आहे: डेव्हिड मिल्स यांचा एनटीपी. मशीन सर्व्हरला वेळ विचारतं आणि निरोपाच्या जाण्यायेण्यात गेलेला वेळ मोजून त्याच्या निम्मा हिशेबात धरतं. ऑफिसात एका सर्व्हरने बाहेर विचारायचं, बाकी सगळ्यांनी त्याला. बाहेर म्हणजे एनआयसी किंवा दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा; सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही हेच आहे. फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ पोर्ट उघडायचा मात्र हमखास राहतो!

विंडोज डोमेनमध्ये पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की लॉगिन अडतं, म्हणून पीसीकडे आयटीवाले धावतात. पंचिंग मशीनला वाली नसतो. तिथे लॉगिन अडत नाही, कोणाचा तरी अर्धा दिवस कापला जातो.

त्या कारखान्यात मशीन आणि कॅमेरे दोन्ही सर्व्हरला जोडले. जुने लेटमार्क तपासायला मात्र एचआरला तीन आठवडे लागले.