चाकाच्या माथ्यावरचा वारा

बोस्टनमधल्या एका भेटवस्तूंच्या दुकानात फ्रँक फिश नावाचे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ एका देवमाशाच्या मूर्तीपुढे थबकले. मासा हंपबॅक जातीचा होता आणि मूर्तिकाराने त्याच्या लांबलचक परांच्या पुढच्या कडेवर गाठी दाखवल्या होत्या. फिश यांना वाटलं, इथे मूर्तिकार चुकला. पाणी कापत जाणारी कड गुळगुळीतच हवी, विमानाच्या पंखासारखी. चौकशी केल्यावर कळलं की मूर्ती अचूक आहे, गाठी खऱ्या देवमाशाच्या परावर असतातच. त्या कोड्याने त्यांना सोडलं नाही. २००४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पराच्या दोन प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात तपासल्याचा निबंध प्रसिद्ध केला. एक प्रतिकृती गुळगुळीत होती, दुसरी गाठींची. पर वाऱ्याला जितका जास्त तिरका धरावा तितकी त्याला मिळणारी उचल वाढते, पण एका मर्यादेनंतर हवा पृष्ठभाग सोडते आणि उचल कोसळते. गाठींच्या पराने ही मर्यादा जवळपास ४० टक्क्यांनी पुढे ढकलली होती.

२०१६ साली इंडियानापोलिसच्या झिप कंपनीने ४५४ एनएसडब्ल्यू नावाची सायकलची चाकं बाजारात आणली. त्यांच्या कार्बन रिमची आतली कड करवतीसारखी दातेरी होती आणि ही कल्पना आपण हंपबॅकच्या परांवरून घेतली, असं कंपनी सांगत होती. किंमत ४००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने पावणेतीन लाख रुपयांच्या घरात. एवढ्या पैशांत मिळत होती फक्त दोन चाकं. सायकल वेगळी.

किंमत ऐकून माझे डोळे पांढरे झाले होते, हे खरं. पण चाक आणि हवा यांचं नातं समजून घ्यायला बसलो, तेव्हा त्या नात्यानेच मला जास्त थक्क केलं.

सायकल ताशी ४० किलोमीटरने चालली आहे. तिच्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी किती वेगाने पुढे जातो? शून्य. तो जमिनीवर स्थिर असतो, नाहीतर टायर घसरला असता. मधला हब सायकलीबरोबर ४०ने जातो. आणि चाकाचा माथा? ८०ने. म्हणजे सायकलवर बसलेल्या माणसापेक्षा त्याच्या चाकाचा माथा दुप्पट वेगाने वाऱ्यात घुसत असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे माथ्याजवळ रिमच्या तुकड्याला आणि स्पोकच्या टोकाला होणारा विरोध हबच्या वेगाने जाणाऱ्या तशाच तुकड्याच्या चौपट असतो. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत, गोल तारांचे. प्रत्येक तार माथ्यावरून जाताना हवेला फटका मारून जाते.

गोल तार दिसायला नाजूक, पण हवेच्या दृष्टीने ती फार बोजड वस्तू आहे. हवा तिच्या दोन्ही अंगांनी पुढे जाते, पण मागे नीट जुळत नाही. तिथे भोवरे उठतात, दाब घटतो आणि तो तारेला मागे ओढत राहतो. याउलट पुढून गोलसर आणि मागे निमुळता होत गेलेला, माशासारखा आकार घ्या. तो तारेच्या जवळपास दहापट जाड असला, तरी त्याला होणारा विरोध तारेएवढाच असू शकतो. खोल रिमचं सगळं मर्म एवढ्यात आहे. टायर हा माशाचा गोल तोंडवळा, रिम ही त्याची शेपटी. रिम खोल केली की स्पोक आखूड होतात आणि कमी लागतात. अशा चाकात स्पोक साधारण १८ ते २४ असतात, तेही चपटे.

मात्र चाकाचा पुढचा अर्धा भाग वाऱ्याला टायरकडून भेटतो, तर मागच्या अर्ध्या भागात वारा आधी रिमच्या आतल्या कडेवर येतो आणि टायरवरून बाहेर पडतो. एकच रिम, पण एका अर्ध्यात तिची आतली कड शेपूट असते, दुसऱ्या अर्ध्यात डोकं. देवमाशाच्या पराला असली दुहेरी नोकरी नाही. म्हणून परावरचं ते ४० टक्क्यांचं यश जसंच्या तसं रिमवर उतरेल, असं मानता येत नाही. कंपनीचा भरही मुख्यतः आडव्या वाऱ्यावर होता. दात्यांमुळे मोठे भोवरे फुटून लहान होतात, पुढचं चाक अचानक ओढलं जात नाही, असा तिचा दावा. पुलावर किंवा दोन इमारतींच्या फटीतून झोत आला की खोल रिमच्या सायकलीचं हँडल कसं हिसका देतं, हे ज्याने अनुभवलंय, त्याला या दाव्याचं मोल कळेल.

वाऱ्याशी चाकांच्या या झगड्याला इतिहास आहे. १९७२ साली मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत सायकलपटू एडी मर्क्सने साध्या स्पोकच्या चाकांवर एका तासात ४९.४३१ किलोमीटर असं विक्रमी अंतर कापलं. जानेवारी १९८४मध्ये त्याच शहरात फ्रान्चेस्को मोझर भरीव तबकडीसारखी चाकं घेऊन आला आणि त्याने ५१.१५१ किलोमीटर गाठले. तबकड्यांची कीर्ती झाली. पण मोझरने त्या विक्रमासाठी स्वतःच्या शरीरात रक्त चढवून घेतलं होतं. तेव्हा त्यावर बंदी नव्हती आणि पुढे त्यानेच ते कबूल केलं. मग चाकांचा वाटा किती, रक्ताचा किती? विक्रमाच्या आकड्यातून ते वेगळं काढता येत नाही.

याहून बोलका दाखला १९८९च्या टूर द फ्रान्सचा. २३ जुलैला व्हर्सायहून पॅरिसला २४.५ किलोमीटरची शेवटची, घड्याळाविरुद्धची शर्यत होती. लॉरां फिन्यों एकूण वेळेत ५० सेकंदांनी पुढे होता. त्याच्या सायकलीला पुढे आणि मागे, दोन्ही तबकड्या होत्या. ग्रेग लेमंडला तबकडी फक्त मागे, पुढे स्पोकचं चाक. पण लेमंडच्या हँडलवर पुढे काढलेल्या दांड्या होत्या. त्यांवर कोपर टेकून तो अंग चोरून, पाठ आडवी करून बसला होता आणि डोक्यावर निमुळतं शिरस्त्राण होतं. फिन्योंच्या डोक्यावर काहीच नव्हतं, केसांची शेंडी वाऱ्यावर उडत होती. लेमंडने ताशी ५४.५ किलोमीटरचा वेग राखला आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटरची टूर ८ सेकंदांनी जिंकली.

चाकं फिन्योंची सरस होती, बैठक लेमंडची. कारण वाऱ्याला सर्वांत मोठा अडसर सायकलीचा नसतो, माणसाचा असतो. एकूण विरोधाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग त्याच्या अंगाचा.

आता पैशांकडे येऊ. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाताना हवेशी झुंजायला ढोबळमानाने अडीचशे वॅट लागतात. गोल स्पोकच्या बुटक्या रिमऐवजी चांगली खोल रिम घातली तर त्यातले दहा-पंधरा वॅट वाचतात. ४० किलोमीटरच्या शर्यतीत हे सुमारे एक मिनिट झालं. शर्यतीच्या जगात एक मिनिट म्हणजे पहिला आणि विसावा यांतलं अंतर असू शकतं, म्हणून ही पहिली पायरी मी खुल्या मनाने मान्य करतो. पण चांगल्या खोल रिम आणि अतिमहाग खोल रिम यांच्यात उरतात एक-दोन वॅट, म्हणजे तेवढ्याच अंतरात दहाएक सेकंद. हळू जाणाऱ्याचाही वेळ वाचतो, कारण तो रस्त्यावर जास्त वेळ असतो, पण ताशी २० किलोमीटरला बचतीचे वॅट एक-अष्टमांशावर येतात. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाटाचा चढ लागला की वाऱ्याचं महत्त्व ओसरतं आणि स्वतःचं वजन बोलू लागतं.

अतिमहाग रिमसाठी मोजलेल्या वरच्या पैशांत मग नेमकं काय येतं? हाताने थरावर थर लावलेलं कार्बन, महागडे साचे, बोगद्यातले तास, काही ग्रॅमची बचत, चांगलं हब, हमी. हे सगळं खरं आहे. त्याशिवाय येतं व्यावसायिक संघांना पुरवलेल्या चाकांच्या खर्चाचं ओझं आणि रिमवरचं नाव. २०२०मध्ये झिपनेच ३०३ एस नावाची कार्बनची चाकं सुमारे १३०० डॉलरना आणली. त्यांना देवमाशाचे दाते नव्हते, पण चांगल्या रिमचं मुख्य शहाणपण होतं. कंपनीचा स्वतःचा स्वस्त माल तिच्या महाग मालाविरुद्ध साक्ष देतो, यापेक्षा वेगळा पुरावा मला नको.

एक गोष्ट मात्र दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. रिम टायरपेक्षा किंचित रुंद हवी. झिपमध्ये काम केलेल्या जॉश पोर्टनर या अभियंत्याने घालून दिलेला नियम म्हणजे रिम टायरच्या किमान १०५ टक्के रुंद. लाखांची रिम घेऊन तिच्यावर फुगीर टायर चढवला, तर टायरवरून निघालेली हवा रिमला चिकटतच नाही आणि पैसे वाया जातात.

तेव्हा माझा कौल असा. शर्यतीत उतरत असाल, आधी बैठक सुधारली असेल, फडफडणारा शर्ट जाऊन अंगाला चिकटणारी जर्सी आली असेल, टायर हलके धावणारे असतील, तर मध्यम किमतीची खोल रिम जरूर घ्या. त्याहून महाग रिम, पैसे कुणी दुसरा देत असेल तरच घ्या. बाकीच्यांनी चाकाचा आऊट काढून घ्यावा, हवा नीट भरावी आणि कोपरं वाकवून बसावं.

आणि एक गोष्ट फुकट करून पाहा. तिन्हीसांजेला रस्त्याच्या कडेला उभे राहा आणि समोरून जाणाऱ्या कुठल्याही सायकलीचा बाजूने फोटो काढा. चाकाच्या खालच्या भागातले स्पोक मोजता येतील इतके स्पष्ट असतील. वरचे पुसून गेलेले दिसतील.