उत्तर स्पेनमध्ये जेवायचं कुठे? गैरसमज आणि वस्तुस्थिती

सान सेबास्तियानहून निघून बिल्बाओ, सांतांदेर करत ओव्हिएदोला पोहोचायचं, तर गाडीने अंतर जेमतेम ४०० किलोमीटर. पण तेवढ्यात बास्क प्रदेश, कांताब्रिया आणि आस्तुरियास असे तीन प्रांत आणि त्यांची तीन वेगळी स्वयंपाकघरं लागतात. चार-पाच दिवसांच्या सहलीत मोजकीच जेवणं हाती असतात. रेस्टॉरंटचं नाव शोधण्याआधी वेळ, वार आणि प्रांत पाहिला, तर त्यातलं एकही वाया जात नाही.

गैरसमज: दिवसभर फिरू, रात्री निवांत जेवू.

वस्तुस्थिती: इथलं मुख्य जेवण दुपारचं. स्वयंपाकघरं साधारण दीड ते साडेतीन चालू असतात, मग थेट रात्री साडेआठ-नऊला उघडतात. संध्याकाळी सहाला भुकेल्या पोटी पोहोचलात, तर कॉफी आणि सकाळी केलेल्या तोर्तियाच्या (अंडं-बटाट्याच्या जाड ऑम्लेटच्या) तुकड्यावर भागवावं लागतं. रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच रेस्टॉरंट्स बंद असतात, म्हणून त्या दोन वेळांची सोय आधी लावून ठेवावी.

दुपारी जेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे ‘मेनू देल दिया’. एका ठरावीक किमतीत पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, गोड, पाव आणि पेय. पर्यटन वाढू लागलं तेव्हा, १९६०च्या दशकात, सरकारने ठरावीक दराचा मेनू ठेवणं रेस्टॉरंट्सना बंधनकारक केलं. पुढे सक्ती गेली, प्रथा टिकली. आजही साधारण १२ ते २० युरोंत पोटभर जेवण होतं, पण मुख्यतः सोमवार ते शुक्रवार दुपारीच. दारातल्या फळ्यावर रोज बदलणारा मेनू आणि आत आसपासच्या कचेऱ्यांतली माणसं दिसली, की बिनधास्त बसावं.

गैरसमज: उत्तम जेवायचं तर मिशेलिन स्टार हवाच.

वस्तुस्थिती: सान सेबास्तियान आणि लगतच्या लासार्ते-ओरियात मिळून तीन स्टारची तीन रेस्टॉरंट्स आहेत: आर्साक, आकेलारे आणि मार्टिन बेरासातेगी. आर्साकचे तीन स्टार १९८९पासूनचे आहेत. पण असं जेवण तीन तास चालतं, खर्च मोठा असतो आणि आरक्षण खूप आधी करावं लागतं. छोट्या सहलीत असं एकच ठेवावं आणि तेही दुपारी, म्हणजे पुढचा प्रवास अंगावर येत नाही.

शिवाय स्टारांची संख्या सगळं सांगत नाही. आचोंदो खोऱ्यातल्या आश्पे गावचं एचेबारी हे निखाऱ्यांवर रांधणारं रेस्टॉरंट. त्याला मिशेलिनचा एकच स्टार, तरी २०२४च्या ‘वर्ल्ड्स फिफ्टी बेस्ट’ यादीत ते दुसरं होतं. कमी खर्चात चांगलं जेवण देणाऱ्या जागांसाठी मिशेलिनचीच ‘बिब गुर्माँ’ ही वेगळी खूण आहे. स्पेनची स्वतःची रेपसोल मार्गदर्शिकाही आहे. ती स्टारऐवजी ‘सूर्य’ देते आणि वाटेतल्या गावांसाठी फार उपयोगी पडते.

गैरसमज: पिंचोस म्हणजे पेयाबरोबर फुकट येणारा खाऊ, एका बारमध्ये बसून पोट भरावं.

वस्तुस्थिती: पेयाबरोबर फुकट तापा देण्याची पद्धत लेओन किंवा ग्रानादाची. बास्क प्रदेशात प्रत्येक पिंचोचे, म्हणजे बारमधल्या एकेका छोट्या पदार्थाचे, पैसे पडतात. काउंटरवर मांडलेले पिंचोस डोळ्यांत भरतात, पण अनेक बारमधले सर्वात चांगले पिंचोस मागवल्यावर गरम करून देतात आणि त्यांची नावं फळ्यावर असतात. एका बारमध्ये एक-दोन खाऊन पुढच्या बारकडे निघायचं, ही इथली रीत. वाट वाकडी करून लोग्रोन्योला गेलात, तर काये लाउरेल या गल्लीत एकेका पदार्थासाठी नावाजलेले बार सापडतील.

गैरसमज: स्पेनला गेलो म्हणजे पाएया खायचाच.

वस्तुस्थिती: पाएया व्हालेन्सियाचा, म्हणजे भूमध्य किनाऱ्यावरचा. उत्तरेत प्रांत बदलला की पदार्थ बदलावा. गेतारियात निखाऱ्यावर भाजलेला टर्बट मासा, कांताब्रियात सांतोन्याची अँचोव्ही आणि कोबी-घेवड्याचं कोसिदो मोंतान्येस, आस्तुरियासमध्ये मोठ्या पांढऱ्या घेवड्याची फाबादा आणि काब्रालेस हे निळं चीज. आस्तुरियासची सफरचंदाची सायडर-संस्कृती २०२४मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. सायडर उंचावरून ग्लासात ओततात आणि लगेच प्यायची असते. सायडरघर मात्र मुक्कामापासून चालत जाण्याजोगंच निवडावं. चालकाने त्या संध्याकाळी गाडीला हात लावू नये.

गैरसमज: भाजीचा पदार्थ मागवला म्हणजे शाकाहारी मिळेल.

वस्तुस्थिती: आपल्याकडच्या प्रवाशांची सर्वाधिक फसगत इथे होते. ‘एन्सालादा मिक्स्ता’ या सॅलडमध्ये बहुधा ट्यूना असतो, घेवड्याच्या शेंगांत हॅमचे तुकडे, तर मसुरीत चोरिसो हे डुकराच्या मांसाचं सॉसेज. हॅमला कित्येकदा ‘मांस’ धरतच नाहीत. म्हणून “नो कोमो कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन” असं नेमकं सांगावं. बटाट्याचा तोर्तिया (अंडी चालत असतील तर), पाद्रोनच्या मिरच्या आणि नाव्हार्राची शतावरी यांवर चांगलं भागतं. गोमांस न खाणाऱ्यांनी ‘तेर्नेरा’ आणि ‘बाका’ हे शब्द लक्षात ठेवावेत. बास्क प्रदेशातली प्रसिद्ध चुलेता, म्हणजे हाडासकट भाजलेला जाड तुकडा, गोमांसाचीच असते.

गैरसमज: मेनूवरचा आकडा म्हणजे एका प्लेटची किंमत.

वस्तुस्थिती: चुलेता आणि मोठे मासे बहुतेक ठिकाणी किलोच्या भावाने विकतात, आणि एक तुकडा सहज किलोभर भरतो. काही माशांपुढे फक्त ‘बाजारभावाप्रमाणे’ असं असतं. वजन आणि एकूण रक्कम आधी विचारण्यात काहीच गैर नाही, तिथलेही विचारतात. पाण्यासाठी पैसे मोजायची गरज नाही: २०२२च्या कायद्यानुसार नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं. टीप ऐच्छिक आहे.

निघण्यापूर्वी कागदावर फक्त दुपारची जेवणं मांडा: कुठला वार, कुठलं गाव, तिथला कुठला पदार्थ. त्यातल्या एक-दोन जागा फोन करून आरक्षित करा. मुक्काम आणि निघायच्या वेळा त्यांच्याभोवती बसवा, आणि संध्याकाळ पिंचोसच्या गल्ल्यांसाठी मोकळी ठेवा.