रद्दीचे मोल कोठे ठरते?

कागदाशी आपल्या समाजाचे नाते दुहेरी आहे. शिक्षणाच्या बळावर ज्यांनी पुस्तक, प्रमाणपत्र आणि नोकरीची ऑर्डर हाती घेतली, त्यांच्या जीवनात कागदाने क्रांती केली. त्याच काळात आपल्याच अनेक भगिनी, इतरांनी फेकलेला कागद उकिरड्यावरून वेचून लेकरांचे पोट भरत होत्या आणि आजही भरत आहेत. पहिल्या नात्याविषयी स्मरणिकांतून पुष्कळ लिहिले जाते, दुसऱ्याविषयी फारच थोडे. म्हणून रद्दीचा पुन्हा कागद कसा होतो आणि त्यात आपल्या घराचा वाटा कोणता, एवढाच विषय येथे घेतला आहे.

कागद म्हणजे वनस्पतींच्या बारीक तंतूंची जाळी होय. गिरणीत रद्दी पाण्यात घुसळली की ही जाळी सुटते व लगदा तयार होतो. टाचण्या, प्लॅस्टिकचे तुकडे वगैरे चाळून काढतात. छपाईची शाई काढावयाची असल्यास लगद्यात साबणासारखी द्रव्ये घालून खालून हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि तो फेस काढून टाकतात. मग लगदा जाळीवर पसरून, दाबून, वाळवून नवा कागद निघतो. विद्यार्थी मित्रांनी बादलीत जुने वर्तमानपत्र भिजवून, घोटून, चाळणीवर पातळ थर पसरून पाहावा. जाड, करडा का होईना, कागद तयार होतो.

मात्र हा फेरा अखंड चालत नाही. प्रत्येक वेळी तंतू तुटून आखूड होतात. साधारणपणे पाच ते सात फेऱ्यांनंतर त्यांच्यात धरून राहण्याची ताकद उरत नाही. म्हणून वहीचा पांढरा कागद हळूहळू खालच्या पायरीवर उतरत खोक्याचा पुठ्ठा किंवा अंड्यांचा ट्रे होतो. वापीसारख्या ठिकाणच्या अनेक गिरण्या जुन्या खोक्यांपासूनच नव्या खोक्यांचा तपकिरी कागद बनवितात.

आता मुख्य मुद्दा. पाण्यात घुसळायचाच आहे तर कागद ओला झाला म्हणून काय बिघडले, असे कोणीही विचारील. बिघडते ते असे की, भाजीच्या देठांबरोबर व आमटीबरोबर एका बादलीत पडलेला कागद कुजतो, त्याला बुरशी येते. तेल तर तंतूंना असे धरून बसते की नव्या कागदावर डाग पडतात. असा माल रद्दीचा व्यापारी नाकारतो किंवा मातीमोल भावाने घेतो. नुकसान होते ते वेचणाऱ्या बाईचे. सकाळी आपल्या स्वयंपाकघरात जो कागद चांगल्या भावाचा होता, तो संध्याकाळी तिच्या हाती घाण होऊन पोहोचतो. आणि गंमत अशी की, आपल्याकडे चांगली रद्दी पुरेशी गोळा होत नाही म्हणून देशातील गिरण्या परदेशातून जहाजांनी रद्दी मागवितात!

या प्रश्नावर पुण्यात झालेले काम आपण सर्वांनी समजून घेतले पाहिजे. कचरा वेचणाऱ्या स्त्रियांत प्रौढ शिक्षणाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्या आणि बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. या कामात बहुसंख्य दलित स्त्रियाच आहेत. पंचायतीने त्यांना ओळखपत्रे दिली व ती महानगरपालिकेकडून मान्य करून घेतली. ज्या बाईला चोर समजून हटकले जाई, तिच्या गळ्यात कामगार म्हणून ओळख आली. पुढे २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेशी करार होऊन 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद स्त्रिया दारोदार कचरा घेऊ लागल्या. यातील खरी नवी कल्पना यंत्राची नव्हती. उकिरड्यावर जाण्याआधीच, दारातच, ओला आणि सुका वेगळा घ्यावयाचा, एवढीच ती होती.

याच स्त्रियांनी जुन्या वर्तमानपत्रांपासून एक छोटी पिशवी बनविली. वापरलेले सॅनिटरी पॅड लोक कसेही टाकत आणि ते यांना हाताने वेगळे करावे लागत. पॅड या पिशवीत घालून द्यावे, असे त्या घरोघरी सांगू लागल्या. वेष्टन म्हणजे मालाची शोभा अशी आपली समजूत असते. येथे रद्दीचे वेष्टन माणसाच्या हाताचे रक्षण करते. पॅड बनविणाऱ्या कंपन्यांनीच असे पाकीट द्यावे, हीही मागणी त्यांनी लावून धरली आणि २०१६ च्या घनकचरा नियमांत तशी तरतूद आली.

बँकेत आयुष्य कागदातच जात असल्यामुळे येथे थोडे विषयांतर करतो. एटीएमची पावती रद्दीत टाकू नये. तिच्यावर नख ओढून पाहा, काळी रेघ उमटते. म्हणजे तो उष्णतेने छापणारा, रसायन लावलेला कागद आहे. चहाच्या कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा थर असतो. फळांच्या रसाच्या खोक्यात पुठ्ठ्याबरोबर प्लॅस्टिक व ॲल्युमिनियमही असते. त्याला वेगळी गिरणी लागते. लग्नपत्रिकेवर चकचकीत पापुद्रा असेल तर तीही साध्या रद्दीत चालत नाही. स्टेपलच्या पिनांची मात्र चिंता नको, त्या गिरणीत सहज निघतात.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आल्यावर कागदी पिशव्यांचे पेव फुटले. कागद म्हणजे पर्यावरणपूरकच, हे म्हणणे मला अर्धेच पटते. कागदालाही पाणी, लाकूड आणि वीज लागते. एकदा वापरून फेकलेल्या कागदी पिशवीपेक्षा वर्षभर वापरलेली जुन्या साडीची पिशवी केव्हाही सरस. वर्तमानपत्रात भजी, वडे बांधून घेण्याची सवयही सोडली पाहिजे. शाईतील द्रव्ये अन्नात उतरतात म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच तसा इशारा दिला आहे.

राहता राहिला आपल्या कार्यक्रमांचा प्रश्न. जयंतीच्या भोजनानंतर चंदेरी पापुद्र्याच्या प्लेटांचा ढीग पडतो. त्यांचा कागद होत नाही, खतही होत नाही. पळसाच्या पत्रावळी मिळतात तेथे त्या घ्याव्यात, नाहीतर मंडळाने स्टीलची ताटे एकदाच घेऊन ठेवावीत. मंडपाच्या एका कोपऱ्यात पुठ्ठा व कोऱ्या कागदासाठी वेगळे पोते बांधावे, ते जेवणाच्या जागेपासून दूर असावे आणि दुसऱ्या दिवशी वस्तीतील वेचक भगिनीला बोलावून तिच्या स्वाधीन करावे.